बेहडाटोल्याची मोजणी

प्राथमिक शाळेत मी छत्तीस वर्षं शिकवलं. पण ज्यांना मी आजही आठवतो, त्यांतले निम्मे लोक मला शिक्षक म्हणून ओळखत नाहीत. सिंदेवाहीच्या बाजारात एखादा म्हातारा थांबतो, निरखून बघतो आणि म्हणतो, "तुमी तं आमच्या घरावर गेरूनं नंबर टाकला होता ना जी?" टाकला होता. चंद्रपूर जिल्ह्यात तीन जनगणनांचं काम मी केलं, दोन वेळा प्रगणक म्हणून आणि एकदा पर्यवेक्षक म्हणून.

या अंकासाठी संपादकांनी शाळेच्या आठवणी मागितल्या होत्या. त्या माझ्या सहकाऱ्यांनी लिहून झाल्या आहेत, माझ्यापेक्षा बऱ्या. मी मोजणीबद्दल लिहितो. त्यातलं बहुतेक अभिमानाचंच आहे. एक गोष्ट मात्र तशी नाही, आणि खरं तर तिच्यासाठीच लिहायला बसलो. तिचा दोष पंचवीसएक वर्षं दुसऱ्याच माणसाच्या माथी आहे. तो माझ्याकडे घ्यायचा आहे.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना वाटतं, दारात जायचं, डोकी मोजायची आणि पुढच्या दारात जायचं. तसं असतं तर दोन दिवसांत आटोपलं असतं. आधी गावाचा नजरी नकाशा काढायचा. विहीर, देऊळ, तळं, आणि प्रत्येक घराची खूण. पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण. आमच्याकडचे नकाशे त्रिकोणांनीच भरलेले असत. मग फेब्रुवारीत वीस दिवस दारोदार फिरायचं आणि मार्च लागला की पाच दिवस उजळणी करायची. मधल्या काळात कोणी जन्मलं का, कोणी वारलं का, हे पुन्हा विचारून यायचं.

कुटुंब कशाला म्हणायचं, हेही प्रशिक्षणात शिकवतात. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. ऐकायला सोपं आहे. एका घरात दोन भाऊ होते, वर्षभर अबोला. चूल मात्र एकच, कारण ती आईनं घातलेली होती आणि मोडायची कोणाची हिंमत नव्हती. सकाळी धाकट्या सुनेचा स्वयंपाक व्हायचा, तो उरकला की त्याच चुलीवर थोरलीचा. मी थोरल्याला विचारलं, कुटुंब एक की दोन?

"दोन लिवा."

धाकटा आतून म्हणाला, "त्याले सांगा, दोनच लिवा."

म्हातारी म्हणाली, "गुरुजी, आता एक लिवा. मी मेली का दोन करा."

मी सूचनांची पुस्तिका उघडली, पुन्हा वाचली आणि दोन लिहिली, कारण अन्न दोन्हीकडे वेगळं शिजत होतं. म्हातारी कोणाकडे जेवते ते विचारलं. "जो पयले बलावते त्याच्याकडं." त्या सकाळी धाकट्यानं बोलावलं होतं, म्हणून तिचं नाव त्याच्या कागदावर घेतलं. कुटुंबं दोन लिहायची, या एकाच गोष्टीवर भावांचं एकमत झालेलं मी पाहिलं.

बायकांच्या कामाचा रकाना हा माझा खास विषय. "काम काय करता?" असं बाईला विचारलं की उत्तर नवरा देतो. "काई नाई करत जी, घरीच राह्यते." हे सांगत असताना बाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन अंगणात येत असते. मी तिला बसवायचो आणि वर्ष महिन्यांनी विचारायचो. आषाढात काय? धानाची रोवणी. दिवाळीनंतर? धान कापणी. उन्हाळ्यात? पहाटे मोहफुलं, मग तेंदूपत्ता. एका बाईनं हे सगळं सांगितल्यावर मी म्हणालो, "मग तुम्ही काम करता."

ती हसायला लागली. "ते काम नोय गुरुजी. ते तं रोजचं हाय."

तिच्या नवऱ्याला ते पटलं नाही. "तिचं काम लिवाल तं मंग माह्यं काय लिवाल?" मी त्याचंही वर्ष विचारलं. उन्हाळ्यापाशी तो जरा अडखळला. मला नेमून दिलेल्या घरांच्या गटात कामकरी बायकांचा आकडा शेजारच्या गटांपेक्षा इतका जास्त निघाला, की वरून विचारणा आली. मी कागद घेऊन गेलो आणि एकेक बाई महिन्यांनिशी समजावून दिली. एकीचंही काम खोडलं गेलं नाही.

पहिल्या मोजणीच्या वेळी मी गडचांदूरकडे होतो. तिथे सिमेंटचे कारखाने आणि चुनखडीच्या खाणी, आणि त्यांच्यासाठी बिहार, ओडिशा, छत्तीसगडकडून आलेले मजूर. एका ओळीत दहा-बारा खोल्या, सगळ्या एका घरमालकाच्या. मालक म्हणाला, "चार-चार जन लिवून टाका, चाय घ्या." मी एका खोलीत डोकावलो. दोन खाटा, दोन माणसं झोपलेली. पण भिंतीला खिळ्यावर जेवणाचे डबे होते सात, आणि बाहेर दोरीवर लुंग्या त्याहून जास्त. पाळ्यांचं काम. एक उठून कामावर गेला की दुसरा येऊन त्याच खाटेवर पडायचा. खाट थंड होत नसे.

मी मालकाला म्हणालो, "डबे सात आहेत."

"पावन्यायचे असतीन."

"पाहुणे डबा ठेवून जातात?"

मग मी तिन्ही पाळ्या सुटायच्या वेळी कारखान्याच्या रस्त्यावरच्या चहाटपरीवर बसलो. माणसं चहाला थांबत, तिथेच मी लिहून घेई. एका ओडिया मजुरानं हिंदीत विचारलं, "मास्टरजी, यहाँ नाम लिखवाया तो गाँव में कट तो नहीं जाएगा?" त्याचा चहा हातात तसाच होता. गावातलं नाव म्हणजे त्याचं रेशन, त्याचं घर, त्याची बायको. मी त्याला सांगितलं की ही यादी रेशनची नाही. माणूस कुठे राहतो एवढंच यात आहे, बाकी कोणाला ती दाखवली जात नाही. त्यानं नाव सांगितलं, मग आणखी चौघांना हाक मारून आणलं. नंतर पर्यवेक्षकांनी दुसऱ्या प्रगणकांना मुद्दाम माझ्याकडे पाठवलं, डब्यांवरून माणसं कशी काढायची ते शिकायला.

हे मी फुशारकी म्हणून नाही, पुढचं नीट समजावं म्हणून सांगतो. परमुलखातून आलेला माणूस सुटू नये म्हणून मी तीन पाळ्या जागेवर बसलो. आणि माझ्याच मुलखातून बाहेर गेलेली माणसं मात्र सोडून दिली.

दुसऱ्या मोजणीच्या वेळी मी सिंदेवाहीपासून आत जंगलपट्टीतल्या एका गावी शिक्षक होतो. रस्त्यावरचं मोठं गाव. माझ्या गटात ते गाव होतं आणि शिवाय नदीपलीकडची बेहडाटोला ही लहान वस्ती. टोल्यावर बावीस घरं, सगळी गोंड. थोडी धानशेती, बाकी जंगल. टोल्याला रस्ता नव्हता, पावसाळ्यात नदी भरली की दोन-दोन आठवडे येणंजाणं बंद.

धान निघालं की आमच्याकडची माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात. तेव्हा सगळे आंध्रच म्हणायचे. टोळीनं जायचं, लेकरंबाळं घेऊन, तिथल्या शेतातच झोपड्या टाकायच्या, आणि होळीच्या आसपास परतायचं. टोल्यावरची टोळी जमवायचे लालसूभाऊ. गाडी कोणत्या दिवशी बोलवायची, कोणी जायचं, मागे म्हाताऱ्यांपाशी कोणी थांबायचं, हे ते ठरवत. वय तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास, बोलणं मोजकं. टोल्यात त्यांचा शब्द चालायचा.

मोजणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना लालसूभाऊ सायकल घेऊन फाटकाशी उभे होते. नदीतून सायकल खांद्यावर आणली होती, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला.

"गुरुजी, उद्या आमच्या टोल्यावर या. परवा गाडी येऊन राह्यली."

मी म्हणालो, "क्रमानं येतो लालसूभाऊ. तुमचे नंबर शेवटचे आहेत."

"तवरी आमी नाई राहत जी. मिरची पिकून पडली तिथी. शेठनं दोनदा निरोप धाडला."

"काळजी करू नका. जिथे असाल तिथे मोजतील."

"तिथी वावरात?"

"हो. तोच नियम आहे."

त्यांनी सायकल वळवली. "उद्याच्या दिवस आमी सप्पा घरीच आहो," सगळेच घरी आहोत एवढं सांगितलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी नदीपलीकडे जाऊ शकत होतो. क्रमानंच जावं असा काही नियम नव्हता. पण मोजणीच्या पहिल्या दोन दिवसांत तालुक्याचे साहेब जीपनं येऊन कामाची पाहणी करणार होते, आणि जीप रस्त्याच्याच गावात येणार होती. रस्त्याकडची घरं झालेली, कागद नीट लावलेले, नंबर ठळक, असं मला त्यांना दाखवायचं होतं. दाखवलं. साहेबांनी अक्षराचं कौतुक केलं.

टोल्यावर मी चौदाव्या दिवशी पोचलो. बहुतेक दारांवर बांबूची ताटी ओढलेली आणि तिला काटेरी फांदी टेकवलेली. माणसं बाहेरगावी आहेत, हे सांगायची ती तिथली रीत. मागे उरलेली म्हातारी माणसं, एक बाळंतीण, एक पाय मोडलेला गडी. लालसूभाऊंची आई मंगरीबाई काठी घेऊन माझ्यापुढे चालायला लागली आणि एकेका ताटीसमोर थांबून सांगायला लागली.

"हे माह्या लहान्या लेकाचं, झुरूचं. पाच जन. हे बिरजूच्या बापाचं. सात, आन एक पोटात."

"कुठे आहेत?"

"मिरचीले."

"मग त्यांची नावं इथे नाही येत बाई. तिकडे लिहितील."

"तिकडं कोन वळखते त्यायले?"

"ओळखायचं नसतं. मोजायचं असतं."

मंगरीबाई काठी टेकून थांबली. "वळखल्याबिगर कसं मोजतेत?"

मी कागद आवरले. पुढच्या दाराकडे गेलो.

आता नियम सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. त्या वीस दिवसांतले काही दिवस जरी माणूस आपल्या घरी राहिला असेल, तर प्रगणक येईल त्या दिवशी तो नसला तरी त्याला त्याच्याच घरी मोजायचं. मागे राहिलेल्यांना विचारून त्याचा कागद भरायचा. पूर्ण मुदतभर बाहेर असेल तरच सोडायचा. टोल्याची माणसं पहिल्या दिवशी घरी होती, दुसऱ्या दिवशी गाडीत बसली. लालसूभाऊंनी ते माझ्या तोंडावर सांगितलेलं होतं. म्हणजे मंगरीबाई सांगत होती ती सगळी माणसं मी लिहून घ्यायला हवी होती.

नियम त्या वेळी लक्षात आला नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. लक्षात आला होता. पण प्रत्येक माणसाचं वय, लग्न, शिक्षण, काम, मुलं, हे सगळं एका म्हातारीच्या तोंडून काढायचं म्हणजे दोन-तीन दिवस टोल्यावर मुक्काम. तालुक्यात सर्वांत आधी कागद जमा करायचे होते. मी बंद घरं बंद लिहिली आणि संध्याकाळच्या आत नदी ओलांडली. मार्चच्या उजळणीत चूक सुधारता आली असती. कागद माझ्याच कपाटात होते. पण सुधारणा म्हणजे खाडाखोड आणि पुरवणी कागद, आणि माझ्या कागदांवर एकही खाडाखोड नव्हती. त्याबद्दल पुढे मला प्रमाणपत्र मिळालं.

दोनेक वर्षांनी वस्त्यांना रस्ते देण्याची योजना आली. लोकसंख्येची अट होती आणि आकडे मोजणीचे धरायचे होते. बेहडाटोला अटीत बसला नाही. टोल्यावर खरोखर राहणारी माणसं धरली असती तर बसून वर उरली असती. आमच्या ग्रामपंचायतीत बैठक झाली. टोल्यावरची झाडून सगळी माणसं आली होती, बायका दारात बसल्या होत्या. बाहेरून अधिकारी आले होते. ते वाईट नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं.

लालसूभाऊ उठले. "साहेब, मोजनीच्या पयल्या दिवशी आमी सप्पा घरी होतो. मी आदल्या दिवशी गुरुजीले बलावाले आलो होतो."

अधिकारी माझ्याकडे वळले. "असं असेल तर गुरुजींनी तसं लिहून द्यावं. मी वर पाठवतो. काय गुरुजी?"

मी म्हणालो, "मी प्रत्येक घरी गेलो. जे होते ते लिहिले."

"ते खरंच आहे. पण हे तुम्हाला बोलवायला आले होते का?"

खोलीत माझे मुख्याध्यापक होते, सरपंच होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

लालसूभाऊंनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसले. बाहेर पडताना त्यांचा सख्खा भाऊ झुरू सगळ्यांसमोर त्यांना म्हणाला, "दादा, तू गेलाच नसशीन. रस्त्यात मोहाची पेऊन पडला असशीन. गुरुजी कायले खोटं बोलतीन?"

मी ऐकलं. पायात चपला सरकवल्या आणि शाळेत गेलो.

त्यानंतर टोल्यात लालसूभाऊंना कोणी गाडीचा दिवस विचारला नाही. टोळी झुरू जमवायला लागला. रस्ता नाही म्हणून नवी सून टोल्यावर नांदायला तयार होईना, टोल्यावरच्या शाळेत मास्तर टिकेनात. मिरचीला गेलेली कुटुंबं एकेक करून तिकडेच राहायला लागली. आधी कापसाच्या हंगामापर्यंत, मग वर्षभर, मग कायमची. काही गडचांदूरला गेली. तिसऱ्या मोजणीला मी पर्यवेक्षक होतो. बेहडाटोल्याचे कागद तपासायला आले तेव्हा बेरीज बघून मी पेन खाली ठेवलं. मागच्या वेळी मी लिहिलेल्या आकड्याच्या आसपासच आकडा होता. या वेळी तो अगदी खरा होता. आधी मी ती माणसं कागदावरून काढली आणि मग ती गावातून गेली. लोक एकाच कारणानं गाव सोडत नाहीत, हे मला कळतं. पण त्यांच्या कारणांत एक मी आहे.

यंदा पुन्हा मोजणीची तयारी चालू आहे. आमच्या त्याच शाळेतल्या स्नेहल मॅडम माझ्याकडे आल्या होत्या. हुशार मुलगी आहे, लिहिणं टापटीप. नकाशा समोर पसरून म्हणाल्या, "सर, मोठं गाव आधी करते. टोला शेवटी ठेवते, चालेल ना?"

मी म्हणालो, नाही चालणार. का, ते सांगताना मला सगळंच सांगावं लागलं. घरच्या माणसांनाही मी ते कधी सांगितलं नव्हतं. मॅडमनी नकाशा घडी करून बाजूला ठेवला. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग सर? त्यांना सांगा ना." आणि पुढच्या ग्रामसभेच्या दिवशी स्कूटी घेऊन माझ्या दारात आल्या.

टोल्याला आता रस्ता आहे, नदीवर पूल आहे. उशिरा झाले, पण झाले. मॅडमच्या मागे बसून मी वीस मिनिटांत पोचलो. बावीसपैकी नऊ घरांत चूल पेटते. सभा समाजमंदिराच्या ओट्यावर होती. लालसूभाऊ एका कडेला, खांबाला टेकून. सत्तरीचे झालेत. झुरू मध्यभागी.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. लालसूभाऊ मला बोलवायला आले होते. ओला पायजमा, खांद्यावरची सायकल, ते काय म्हणाले, मी काय म्हणालो, मंगरीबाईनं काय सांगितलं, बैठकीत मी काय बोललो. जे जसं झालं तसं. माफी मागितली.

आधी लालसूभाऊच बोलले, झुरूकडे न बघता.

"मले मालूम होतं. गुरुजीले मालूम होतं. या लोकायलेच मालूम नोतं."

एक म्हातारी बाई म्हणाली, "मंग तू इतले सालं बोलला काऊन नाई?"

"बोललो होतो ना बाई. सप्पाच्या समोर बोललो होतो."

झुरूनं डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. तो उठला, जरा दूर गेला, परत आला. मग खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "गुरुजी, हे बिरजूले बी सांगा. त्याचा बाप मरेपर्यंत म्हनत होता, लालसूनं आमाले बुडवलं." बिरजूचं कुटुंब खम्ममकडे स्थायिक झालेलं. फोन लागला, झुरूनं तो ओट्यावर ठेवला आणि आवाज मोठा केला. मी पुन्हा सांगायला लागलो. बिरजूला माझं अर्धं कळेना. त्याची मराठी आता मोडकी आहे, घरात तेलुगू चालते. लालसूभाऊंनी फोन उचलला आणि गोंडीत चार-पाच वाक्यांत काम उरकलं. माझ्या माफीचं त्यात काही आलं की नाही, मला ठाऊक नाही.

मग फोन बाजूला धरून ते मला म्हणाले, "तो म्हनते, या मोजनीले सप्पा घेऊन येतो. पंधरा जन आहेत. दोन दिवस राहतो. नावं इथी लिवा."

पंधरा माणसं. ओट्यावर एकदम कुजबुज सुरू झाली. स्नेहल मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. हो म्हणणं फार सोपं होतं, आणि म्हणावंसं वाटलंही. पण एकदा चुकीचं लिहून टोल्याचं वाटोळं केलं होतं. आता दुसऱ्या बाजूनं चुकीचं लिहून ते भरून येणार नव्हतं. ज्या कामाचा मला अभिमान आहे, ते हेच आहे: माणूस राहतो तिथेच लिहायचा.

मी म्हणालो, "नको. त्याचं घर आता तिकडे आहे. त्यानं तिकडे मोजणीवाल्याला धरून आणावं आणि पंधराच्या पंधरा नावं सांगावीत. एकही सोडू नये. पाहुणा म्हणून मात्र जरूर यावं."

लालसूभाऊंनी ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ बोलणं चाललं, मग हसल्याचा आवाज आला. फोन बंद झाला.

"काय म्हणाला?"

"म्हनते, हे गुरुजी सुधरले नाई."

त्यावर पहिल्यांदा सगळे हसले, मीसुद्धा. मॅडमनी वही काढली आणि सांगितलं की मोजणीच्या पहिल्या दिवशी त्या इथूनच सुरुवात करतील. सकाळी आठला येतील, नऊही घरं झाल्याशिवाय जाणार नाहीत.

झुरू अजून उभाच होता. रुमालाची घडी घालत, उलगडत. मग तो ओट्यावर लालसूभाऊंच्या समोर, खाली पायरीवर जाऊन बसला.

"दादा," तो म्हणाला, "आवंदा गाडी कोन्या दिवशी बलवाची?"

लालसूभाऊ उठले. तोंडातला खर्रा बाजूला जाऊन थुंकून आले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, खांबाला टेकून पुन्हा बसले. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"तिसऱ्या दिवशी," ते म्हणाले. "दोन दिवस कोनी हालाचं नाई."